बर्फात टायरची हवा किती? आधी चाकाखाली काय आहे ते बघा

नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बऱ्याच गाड्या मनालीच्या वाटेला लागतात. पूर्वी चंदीगडपर्यंत रेल्वे आणि वर टॅक्सी असा हिशोब असायचा. आता दारात घरची एसयूव्ही असते. शिरपूर सोडून बिजासनचा घाट चढला की सेंधवा, इंदूर, पुढे दिल्ली, चंदीगड. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाला, त्यामुळे बर्फ बघायला रोहतांगची वाट उघडायची गरजही उरली नाही. ९.०२ किलोमीटरचा बोगदा संपला की लाहौल सुरू होतं, आणि थोड्या वेळात सिस्सूला चाकं बर्फात.

निघायच्या आदल्या दिवशी पंक्चरच्या दुकानावर एक सल्ला हमखास कानावर पडतो. "हवा कमी करी टाक ना भो, बरफमा गाडी चांगली चालस." तिथेच शेजारी उभा असलेला दुसरा सांगतो, थंडीने हवा आपोआप उतरते, चाळीसच मारून घ्या. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. चूक होते ती दोघांनीही दोन प्रश्न न विचारल्यामुळे: चाकाखाली नेमकं काय असणार आहे, आणि हवा मोजताय कुठे, किती थंडीत?

गाडीचं वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. अकराशे किलोची छोटी गाडी धरा. एका चाकावर साधारण २७५ किलो येतात. ३३ पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर ३३ पौंड, आपल्या मापात दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २.३ किलो. २७५ ला २.३ ने भागा, उत्तर येतं जवळपास १२० चौरस सेंटिमीटर. एका पोस्टकार्डापेक्षाही जरा कमीच. अशा चार तुकड्यांपुरताच रस्त्याशी आपला संबंध. हवा २० पीएसआयवर आणली तर हाच तुकडा १९५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास जातो. टायरच्या भिंतींनाही स्वतःचा कडकपणा असतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे वेगळे निघतात, पण दिशा हीच. हवा कमी केली की टेकण, म्हणजे रस्त्याला टेकलेला तुकडा, वाढते आणि जमिनीवरचा दाब घटतो.

टेकण वाढली म्हणजे पकड वाढली, असं सरळ वाटतं. घोळ इथूनच सुरू होतो.

ट्रॅक्टर शेतात आणि ट्रॅक्टर डांबरीवर

काळ्या मातीत ट्रॅक्टर चालवणाऱ्याला अर्धा धडा आधीच येत असतो. नांगरटीला मागच्या मोठ्या टायरमध्ये हवा बारा-चौदा पीएसआयच्या आसपास ठेवतात. रस्त्यावरच्या गाडीला एवढी हवा ठेवली तर ती पंक्चरच वाटेल. पण शेतात माती भुसभुशीत, थर खोल. तिथे चाकाने खाली रुतायचं नसतं, वर राहायचं असतं. दाब पसरला की चाक कमी रुततं आणि टायरची जास्त बटणं एकाच वेळी मातीला धरतात. वजन कमी पडतं म्हणून टायरमध्ये पाणी भरून घेणारेही आपल्याकडे आहेत. तो हिशोब वेगळा.

आइसलंडमध्ये हिमनद्यांवर जाणाऱ्या जीपा हेच करतात. ३८ ते ४४ इंच उंचीची प्रचंड चाकं लावायची, आणि खोल मऊ बर्फावर पोचलं की हवा दोन-तीन पीएसआयपर्यंत उतरवायची. चाक पसरट होतं आणि गाडी बर्फाच्या थरावर तरंगल्यासारखी चालते. तेव्हा 'बर्फात हवा कमी करा' हा सल्ला कुणी हवेतून काढलेला नाही. पण त्याच्या अटी सांगणारा कुणी भेटत नाही. त्या जीपांचा वेग त्या वेळी अगदी कमी असतो, टायर त्यासाठीच बनवलेले असतात, आणि पक्क्या रस्त्यावर परतल्याबरोबर हवा पुन्हा भरायला गाडीतच कॉम्प्रेसर असतो. राजस्थानात वाळूत जाणारे लोक पंधरा-अठरावर हवा आणतात, तेही याच कारणाने आणि याच अटींवर.

आता मनालीचा रस्ता बघा. तिथे तुम्ही कमरेएवढ्या बर्फाच्या मैदानात शिरत नाही. खाली डांबर किंवा काँक्रीट आहे. सीमा सडक संघटनेच्या मशीननी बर्फ बाजूला ढकललेला आहे. रस्त्यावर उरलाय तो चार बोटांचा थर, आणि दुपारच्या उन्हात त्याचा झालेला पाणीदार, करडा राडा. खाली कठीण रस्ता आहे, वर मऊ आणि ओला थर आहे. इथे वर तरंगण्यात काही फायदा नाही. टायरने तो थर कापून खालच्या डांबराला भिडायला हवं. म्हणजे शेतातल्या गरजेच्या बरोबर उलट.

स्वीडनमधल्या बर्फातल्या रॅलीत गाड्यांना खिळे लावलेले अरुंद टायर घालतात, रुंद नाही. अरुंद टायर थर चिरून खाली जातो. आपल्या शोरूममध्ये रुंद टायर म्हणजे भारी गाडी असा समज आहे. मनालीच्या राड्यात तोच रुंद टायर आधी हात टेकतो.

टायरच्या खाचा कशासाठी असतात तेही इथे लक्षात घ्यावं लागतं. पाणी आणि राडा त्या खाचांतून बाजूला फेकला गेला पाहिजे. हवा कमी असली की टायर दोन्ही कडांवर बसतो, मधला भाग आत दबतो, आणि मधल्या खाचा आकसतात. राड्याला बाहेर जायची वाट उरत नाही. हवा गरजेपेक्षा फार जास्त झाली तर उलट, फक्त मधला पट्टा टेकतो आणि कडेचं रबर रिकामं फिरतं. गाडी बनवणाऱ्याने दिलेला आकडा या दोन्हींच्या मधला असतो. त्याच्याशी खेळायला बर्फाळ रस्ता ही सगळ्यात वाईट जागा.

राड्याची ताकद

ताजा कोरडा बर्फ हलका असतो. राड्यात पाणी असतं, म्हणून तो अनेक पटींनी जड असतो, आणि त्यात चाक फिरवणं म्हणजे सतत काहीतरी ढकलत जाणं. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक विमानतळावर एक प्रवासी विमान धावपट्टीच्या टोकाला साचलेल्या अशाच राड्यात शिरलं. वेग वाढायचा तो कमी झाला, विमान उडालंच नाही आणि कुंपण तोडून घरावर जाऊन आदळलं. एकूण २३ जण गेले, त्यात मँचेस्टर युनायटेडचे आठ फुटबॉलपटू होते. जर्मन चौकशीने आधी पंखावर साचलेल्या बर्फाचं, म्हणजे पर्यायाने पायलटच्या हलगर्जीचं कारण दिलं. दोष राड्याचा होता हे ब्रिटिश चौकशीत मान्य व्हायला पुढे दहा वर्षांहून जास्त काळ गेला. चाकाखालचा राडा किती मोठी गोष्ट असू शकते हे विमानवाल्यांना असं कळलं.

त्याच काळात नासाच्या लँग्ली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि त्यांचे सहकारी पाणी आणि राड्यावरून धावणाऱ्या विमानाच्या चाकांवर प्रयोग करत होते. त्यातून एक सोपं सूत्र निघालं, ते आजही शिकवलं जातं. पाण्याच्या थरावर चाक कोणत्या वेगाला उचललं जाईल आणि रस्त्याशी संबंध तुटेल, हे मुख्यतः टायरमधल्या हवेवर ठरतं. पीएसआयचं वर्गमूळ काढा, त्याला साधारण १६.७ ने गुणा, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. ३३ पीएसआयला हा वेग सुमारे ९६. २५ ला ८३. २० ला ७५. सूत्र विमानाच्या टायरचं आहे, मोटारीला अंदाजानेच लावायचं, आणि टायर गोटा झालेला असेल तर याच्या कितीतरी आधी गाडी तरंगते. पण हवा कमी केली की धोक्याचा वेग खाली येतो, वर जात नाही, हे त्यातून स्वच्छ दिसतं. पंक्चरच्या दुकानावरच्या सल्ल्याला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

राड्यात आणखी एक गोष्ट होते. रस्त्यावर गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि मधे राड्याची वरंबी. ओव्हरटेक करताना एका बाजूची चाकं चाकोरीत आणि दुसऱ्या बाजूची राड्यात गेली की राडा त्या बाजूला खेचतो आणि स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं होतं. दोन्ही बाजूंच्या टायरांत हवेचा फरक असेल तर हे जास्तच जाणवतं. म्हणून आकडा काय ठेवता याच्याइतकंच चारही चाकांत तो ठरल्याप्रमाणे आहे ना, हे महत्त्वाचं.

थंडी किती हवा खाते, आणि डोंगर किती परत देतो

आता दुसऱ्या सल्लागाराकडे वळू, चाळीस मारा म्हणणाऱ्याकडे. थंडीत दाब उतरतो हे खरंच. बंद जागेतल्या हवेचा दाब तिच्या तापमानाच्या प्रमाणात बदलतो. फक्त तापमान सेल्सिअसमध्ये नाही, केल्विनमध्ये धरायचं, म्हणजे २७३ मिळवून. आणि दाबही गेजवरचा नाही, बाहेरच्या हवेचा दाब मिळवून झालेला एकूण. गाडीच्या टायरला ढोबळ हिशोब असा बसतो: तापमान १० अंशांनी घसरलं की दीड पीएसआय गेला.

जळगावहून निघताना डिसेंबरच्या दुपारी ३० अंशांत ३३ पीएसआय भरले असं समजू. जळगावला वातावरणाचा दाब १४.३ पीएसआयच्या आसपास, म्हणजे एकूण ४७.३. सिस्सूला रात्री उणे ८ धरा. ४७.३ चे होतात ४१.४. त्यातून जळगावचेच १४.३ वजा केले तर गेज २७ दाखवेल. घाबरण्यासारखा आकडा आहे, आणि थंडीत सहा पीएसआय जातात असं जे सांगतात ते इथवरच येऊन थांबतात.

पण सिस्सू जळगावच्या उंचीवर नाही. ते ३१०० मीटरच्या आसपास आहे, आणि तिथे बाहेरची हवाच विरळ, तिचा दाब साधारण १० पीएसआय. टायरला ताठ ठेवतो तो आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. ४१.४ वजा १०, म्हणजे ३१.४. थंडीने सहा घेतले आणि उंचीने चारहून जास्त परत दिले. निव्वळ तोटा दीड पीएसआयचा. मनालीला, दोन हजार मीटरवर उणे २ अंशांत, गेज ३१ च्या जरा खाली राहील.

मग हवा सगळ्यात कमी कुठे होते? सपाटीवर. अंबाला-चंदीगडच्या पट्ट्यात पहाटे ५ अंश असतात आणि उंची जळगावपेक्षा फार जास्त नाही. तिथे त्याच टायरमध्ये २९ पीएसआय उरतात. म्हणजे सगळ्यात मऊ टायर घेऊन आपण कुठे असतो, तर धुक्यातल्या सहापदरी रस्त्यावर, आजूबाजूला शंभरच्या वेगाच्या गाड्या. बर्फाची काळजी करत निघालेल्या माणसाच्या हे ध्यानीमनीही नसतं. पहिली तपासणी करायची ती चंदीगडच्या आसपास, सकाळी, गाडी हलवण्याआधी.

तिथे ५ अंशांत पुन्हा ३३ केले तर वर सिस्सूला उणे ८ मध्ये ३५ च्या जवळ दिसतील. त्याने काही बिघडत नाही. मात्र तीच हवा घेऊन धुळ्याला परतलात आणि दुपारी ३० अंश असले तर थंड टायरमध्येच ३७ निघतील. घरी आल्यावर एकदा सकाळी बघून जास्तीची काढून टाकायची, एवढंच. जळगावहून चाळीस भरून निघणारा माणूस मात्र इंदूरपर्यंत गरम रस्त्यावर फुगलेले टायर घेऊन जातो, आणि सगळा प्रवास मधल्या पट्ट्यावर करतो.

ट्रकवाल्यांचा हिशोब वेगळा पडतो, आणि तो आपल्याकडे जास्त कामाचा आहे. रावेर-सावद्याहून केळी भरून उत्तरेला गाड्या जातात. ट्रकच्या टायरमध्ये ११० पीएसआय किंवा त्याहून जास्त हवा असते. थंडी टक्केवारीने खाते, उंची मात्र ठरावीक आकडाच परत देते. काश्मीरमधल्या काझीगुंडला, सोळाशे-सतराशे मीटरवर, उणे ५ अंशांत ३० अंशांतल्या ११० चे साधारण ९८ होतात. बारा पीएसआय, आणि पाठीवर माल. जोडचाकात आतला टायर कुणी वाकून बघत नाही, आणि मऊ झालेला बहुधा तोच निघतो. गंमत म्हणजे केळ्याला १३ अंशांच्या खाली थंडी बाधू लागते, साल काळवंडते; माल झाकायला ताडपत्री आणि पेंढा आठवणीने घेतला जातो. टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं, त्याला कुणी विचारत नाही.

रबर कडक होतं म्हणजे

आपल्याकडचे टायर उन्हाळ्यासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ ओलांडतो, डांबर त्याहून तापतं. तिथे रबर टिकायला ते कडकच लागतं. तेच रबर शून्याच्या खाली लाकडासारखं वागू लागतं आणि रस्त्याच्या खडबडीतपणात शिरत नाही. युरोपातल्या हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असतात. टायरच्या कडेला तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी असं चिन्ह असेल तर तो कसोटीला उतरलेला खरा हिवाळी टायर. नुसतं 'एम अँड एस' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ चिखल आणि बर्फासाठी नक्षी आहे एवढाच. रबराची हमी त्यात नाही. आपल्या बऱ्याच एसयूव्हींच्या टायरवर हे शेवटचं असतं आणि विकणारा ते मोठ्या अभिमानाने दाखवतो.

एका सहलीसाठी हिवाळी टायर कुणी घेणार नाही, आणि घ्यावेत असंही मी म्हणत नाही. पण खाचांची खोली बघून निघा. आपल्या नियमात मोटारीला किमान १.६ मिलिमीटर चालते. ऑस्ट्रियात हिवाळी टायर म्हणून चालवायचा तर किमान ४ मिलिमीटर लागते. हा फरक का, ते राड्याने वर सांगितलंच. दोन मिलिमीटर उरलेला टायर धुळे-जळगाव रस्त्यावर वर्षभर चालेलही. तो घेऊन मनालीजवळच्या सोलंगला जाऊ नका.

हवा मोजायची कशी, याबद्दल थोडक्यात. गाडी तीन तास उभी असेल तेव्हाच मोजायची; चालून आलेल्या टायरमध्ये तीन-पाच पीएसआय जास्त दिसतात आणि ते काढून टाकणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. आकडा घ्यायचा तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून. तिथे बहुतेक गाड्यांना दोन आकडे असतात, एक दोघा-तिघांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. सहलीला पाच माणसं, बॅगा, वर खाण्याचे डबे असतात, तेव्हा दुसरा आकडा आपला. टायरच्या भिंतीवर ४४ किंवा ५१ लिहिलेलं असतं ती कमाल मर्यादा, शिफारस नाही. पंपावरच्या मशीनवर विसंबू नका; खिशात मावणारं गेज आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर बरोबर ठेवा.

नायट्रोजन भरला की थंडी-उन्हाचा फरक पडत नाही, असं ठासून सांगितलं जातं. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि दाबाचा नियम दोघांना सारखाच लागू पडतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि जरा हळू झिरपतो, एवढा फायदा खरा. कोरडेपणाचा उपयोग कडाक्याच्या थंडीत होतो: कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी हवेबरोबर टायरमध्ये आलं तर ते व्हॉल्व्हमध्ये गोठू शकतं, आणि हवा तपासायला दाबलेली पिन परत बसत नाही. व्हॉल्व्हच्या टोप्या हरवलेल्या असतील तर निघण्याआधी पाच-दहा रुपयांच्या नव्या लावून घ्या.

हवेच्या पलीकडचं

बर्फाचा सगळ्यात निसरडा प्रकार शून्याच्या आसपासचा. उणे २० चा बर्फ कोरडा असतो आणि त्यावर पकड बरी मिळते; वितळायला आलेल्या बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. दुपारी वितळलेला राडा ऊन कलल्यावर पुन्हा गोठतो, आणि रस्त्यावर दिसत नाही असा काचेसारखा पापुद्रा धरतो. वळणावर, पुलावर, डोंगराच्या सावलीत तो आधी धरतो. तिथे ३३ ठेवा की २५, काही फरक पडत नाही. तिथे खिळे किंवा साखळी, नाहीतर थांबणं. परतायचं असेल तर ऊन असेतोवर खाली उतरा.

साखळी लावायची ती इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते त्यांना. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे, बोलेरोसारख्या गाडीला मागे. उलट लावलेल्या साखळ्या तिथे बघायला मिळतात आणि लावणाऱ्याचा आत्मविश्वासही. साखळी लावल्यावर हवा कमी करायची नाही, ती सैल पडते आणि टायरच्या भिंतीला घासते. वेग चाळीसच्या आत. बर्फ पडत असेल तर पोलीस अनेकदा फोर बाय फोर किंवा साखळीच्या गाड्याच पुढे सोडतात. तिथे वाद घालण्यापेक्षा तिथलाच ड्रायव्हर आणि त्याचीच गाडी घेणं स्वस्त पडतं.

एक जागा अशी आहे जिथे हवा काढणं चालतं. पार्किंगमध्ये गाडी खोल मऊ बर्फात रुतली, चाकं जागीच फिरताहेत, तेव्हा ज्या चाकांना ताकद जाते त्यांतली हवा वीसपर्यंत उतरवा, दुसऱ्या गिअरला अगदी हलक्या पायाने बाहेर काढा, आणि रस्त्याला लागण्याआधी पुन्हा भरा. कॉम्प्रेसर जवळ नसेल तर हा प्रयोग करूच नका. वीस पीएसआयचे टायर घेऊन मंडीच्या वळणांवरून खाली उतरणं आणि पुढे हायवेला नव्वदने पळणं, यात टायरची भिंत सतत वाकून तापते आणि फुटते. बर्फातून सुखरूप आलेला टायर हरियाणात फुटतो, त्यामागे अशी गोष्ट असू शकते.

मनालीला न जाणाऱ्यांनाही यातलं काही उपयोगी पडेल. नंदुरबारच्या डाब-वालंब्याला काही हिवाळ्यांत पहाटे दव गोठतं, पण रस्त्यावर राडा व्हायला तेवढं पुरत नाही. गारपिटीचं वेगळं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारांनी पिकं झोपवली ते कुणी विसरलेलं नाही. मोठी गारपीट झाली की डांबरावर गारांचा थर साचतो, खालचा रस्ता अजून तापलेला असतो, त्या लगेच वितळू लागतात, आणि दहा-पंधरा मिनिटांत रस्त्यावर तोच पाणीदार राडा तयार. हॉर्नचं सूत्र इथेही लागू आहे. वेग चाळीसच्या आत आणा, ब्रेक दाबून नाही, पाय उचलून. दुचाकीवाल्याने थांबावं.

पहिल्या पावसात शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती डांबरीवर आणतात, तिचा ओला लेपही राड्यासारखाच वागतो. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचा भरून टाकते, नवाकोरा टायर पन्नास मीटरमध्ये गोटा होतो. तिथेही खाली डांबर आहे आणि वर पातळ थर आहे, म्हणून हवा पूर्ण हवी. तोच ट्रॅक्टरवाला बांध ओलांडून शेतात शिरतो तेव्हा त्याची बारा-चौदा बरोबर असते.

राहिली स्टेपनी. निघताना चारही चाकांची हवा बघितली जाते आणि पाचवं चाक वर्षभर न उघडलेल्या डिकीत पडून असतं. महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप झिरपते, म्हणजे त्यात आता पंधरा उरले असतील. नव्या गाड्यांत बारीक, तात्पुरती स्टेपनी येते. तिच्यात ६० पीएसआय लागतात, आणि वेग ८० च्या वर न्यायचा नाही असं तिच्यावरच लिहिलेलं असतं. बर्फात पुढचं चाक पंक्चर झालं आणि गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असेल, तर ती बारीक स्टेपनी पुढे लावू नका. मागचं चांगलं चाक काढून पुढे लावा, आणि स्टेपनी मागे.